कर्करोग आणि वैवाहिक सहवास : एक शास्त्राभ्यास

शास्त्रवाचन : उत्पत्ति २:१८-२५; २६:८; अनुवाद २४:५; गीतरत्न ५:१०-१६; १ करिंथ ७:१-५; १ पेत्र ३:७



काही वर्षांपूर्वी येथे भिलाईत एका स्त्रीसभेत विवाह या विषयावर तीन पाठ देण्याची विनंती मला करण्यात आली होती. दुसरा पाठ १ करिंथ ७ या अध्यायावर होता. पतिपत्नींनी एकमेकांना वंचित ठेवू नये, हा पौलाचा बोध मी मोठ्या आवेशाने मांडला आणि पाठ चांगला झाला या समाधानात घरी आलो. त्या सभेत मागच्या बाकावर एक भगिनी बसल्या होत्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील त्यांचे उपचार नुकतेच संपले होते, हे मला ठाऊक होते. पण पाठ देताना त्याचे स्मरण मला राहिले नाही.

दोनएक महिन्यांनी त्या व त्यांचे पती आमच्या क्वार्टरवर आले. चहा झाल्यावर त्या माझ्या पत्नीबरोबर स्वयंपाकघरात गेल्या आणि रडू लागल्या. शरीरसंबंधाच्या वेळी त्यांना असह्य वेदना होत, कधी रक्तही जाई. तरीही नकार देणे पाप आहे, असे त्या पाठावरून समजून त्या निमूटपणे सोसत होत्या. बाहेरच्या खोलीत त्यांचे पती मला सांगत होते की, त्यांना स्वतःला हे सारे नको वाटते, पत्नीला इजा होईल अशी भीती वाटते. परंतु आपण दूर राहिलो तर आजारामुळे नवऱ्याला आपली किळस आली असे तिला वाटेल, म्हणून ते जवळ जात होते. दोघेही एकमेकांसाठी सोसत होती आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. मधल्या भिंतीत माझ्या अपुऱ्या पाठाची एक वीट होती.

त्या उभयतांच्या अनुमतीने हे लिहीत आहे. प्रस्तुत लेख म्हणजे त्या पाठाची दुरुस्ती होय.

१. मौनाची कारणे

आपल्या देशातील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक असून त्याखालोखाल गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा क्रम लागतो. पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग आघाडीवर आहे. विदर्भातील खर्रा आणि छत्तीसगडातील गुडाखू ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही. या तिन्ही रोगांची जागा पाहा. स्तन, गर्भाशयाचे मुख आणि चेहरा! पतिपत्नींच्या जवळिकीशी ज्या अवयवांचा संबंध आहे, तेथेच रोग होतो आणि तेथेच शस्त्रक्रिया व किरणोपचार होतात. असे असूनही उपचाराच्या काळात या विषयावर बहुधा कोणीच बोलत नाही. वैद्यांपुढे रांग मोठी असते, रुग्णाला संकोच वाटतो, आणि जीव वाचला हेच पुष्कळ, आता आणखी काय विचारायचे, असे नातलग म्हणतात.

त्यात प्रवासाची व निवासाची भर पडते. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएट संघाच्या साहाय्याने उभा राहिला व १९५९ साली त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या नोकरीच्या निमित्ताने नागपूर-विदर्भाकडची अनेक मराठी कुटुंबे येथील सेक्टरांत स्थिरावली. कर्करोगाचे निदान झाले की या कुटुंबांपैकी कोणी रायपूरला जातात, कोणी नागपूरला, आणि कित्येक जण दुर्गहून गाडीत बसून सुमारे अकराशे किलोमीटरवरील मुंबई गाठतात. तेथे परळचे टाटा रुग्णालय, आणि राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा एखाद्या नातलगाची खोली. महिनोन्‌महिने पतिपत्नी एकमेकांसमोर असतात, पण दार लावून दोन शब्द बोलण्याइतकी जागा त्यांना मिळत नाही. घरी परतल्यावरही छोट्या क्वार्टरमध्ये सासूसासरे, मुले आणि भेटीला येणारी मंडळी असतातच.

ज्या रुग्णालयाचा उल्लेख केला, त्याच्या पायाशीच एका पतीचे दुःख आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. अशा रोगावरील उपचारांची सोय आपल्या देशातही असावी, ही इच्छा दोराबजींच्या मनात तेव्हापासून होती. पुढल्याच वर्षी तेही वारले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने ते काम पुढे नेले व २८ फेब्रुवारी १९४१ रोजी रुग्णालय उघडले. गोव्याच्या मातीतील ख्रिस्ती शल्यचिकित्सक डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांनी तेथे आयुष्य वेचले. रुग्णालयाजवळच्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. ज्या वास्तूचा उगम पतिपत्नीच्या प्रेमात आहे, तेथे उपचार घेणाऱ्या दांपत्यांच्या प्रेमाविषयी मंडळीने मौन पाळावे, हे उचित नव्हे.

२. पौलाने खरोखर काय म्हटले?

आता मूळ भाषेकडे वळू. १ करिंथ ७:५ मध्ये ‘वंचित करणे’ या अर्थाचे जे ग्रीक क्रियापद आहे, तेच पौलाने आदल्या अध्यायात (६:७, ८) बंधूंनी एकमेकांना नाडण्याबद्दल वापरले आहे. म्हणजे आपल्याजवळ आहे ते दुसऱ्याला मिळू न देणे, फसवून राखून ठेवणे, असा त्याचा रोख आहे. ज्याच्याजवळ देण्यासारखे असून जो देत नाही, तो नाडणारा. आजारपणामुळे ज्याच्यापाशी आज सामर्थ्यच नाही, तो नाडणारा ठरत नाही. पक्षाघाताने हात लुळा पडलेल्या माणसाला, तू दान का देत नाहीस, असे कोणी विचारील काय?

शिवाय पौल कोणाला लिहीत होता? करिंथ येथे काही जण असे मानू लागले होते की, विवाहितांनीही शरीरसंबंध सोडणे हेच अधिक पवित्र होय. त्या एकतर्फी वैराग्याला पौल उत्तर देत आहे. रुग्णाईताच्या वेदना त्याच्या डोळ्यांपुढे नाहीत. तो वाक्याच्या मध्यभागी परस्परसंमतीची अट घालतो, आणि त्यासाठी योजिलेल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ एकसुरात असणे असा आहे. चौथ्या वचनात तर पतीच्या शरीरावरही पत्नीचा अधिकार आहे असे तो स्पष्ट सांगतो. त्या काळच्या जगाला हे नवे होते. तेव्हा या वचनाचा आधार घेऊन वेदनेने व्याकूळ झालेल्या पत्नीला किंवा असमर्थ झालेल्या पतीला दोषी ठरविणे, हा वचनाचा विपर्यास होय. तो विपर्यास मी केला होता, याची कबुली वर दिलीच आहे.

३. जवळिकीचे तीन शब्द

भाषांतराचे काम करताना मला असे आढळले की, वैवाहिक जवळिकीसाठी पवित्र शास्त्र एकाच शब्दावर अवलंबून राहत नाही.

पहिला शब्द उत्पत्ति २:१८ मधील, आदामाला अनुरूप अशा साहाय्यकाविषयीचा. ‘साहाय्यक’ यासाठीचा ‘एझेर’ हा इब्री शब्द अनेकदा स्वतः देवाविषयी वापरला आहे. म्हणून त्यात कमीपणाची छटा नाही. संकटात धावून येणाऱ्याचे बळ त्यात आहे. शास्त्रातील क्रमही ध्यानात घ्यावा. मनुष्याचे एकटेपण बरे नाही, हे प्रथम. देहाची एकता त्यानंतर. कर्करोगाने देहाच्या एकतेत अडथळा आणला, तरी एकटेपण दूर करण्याचे विवाहाचे पहिले कार्य थांबत नाही. किंबहुना तेव्हाच त्याची खरी गरज भासते.

दुसरा शब्द उत्पत्ति २६:८ मध्ये आहे. गरार येथे अबीमलेख राजाने खिडकीतून इसहाक व रिबका यांना पाहिले आणि ही बहीणभाऊ नव्हेत, पतिपत्नी आहेत, हे तत्काळ ओळखले. त्याने काय पाहिले? तेथील इब्री क्रियापद हसणे-खेळणे या अर्थाचे आहे, आणि इसहाकाचे नावही त्याच धातूपासून आले आहे. भाषांतरकाराला हा शब्द फार छळतो, कारण त्यात लाडिकपणा, थट्टा, स्पर्श हे सारे सामावले आहे. उपचाराच्या काळात जवळीक म्हणजे समागम आणि समागम नाही तर काहीच नाही, असे मानून अनेक दांपत्ये हात धरणेदेखील सोडून देतात. कारण एकाने स्पर्श केला की दुसऱ्याला पुढच्या अपेक्षेची धास्ती वाटते. अशांना हे वचन मोकळीक देते. केसांवरून हात फिरविणे, पाय चेपून देणे, जुनी आठवण काढून हसणे, एकाच पांघरुणात शांत पडून राहणे, हीही पतिपत्नींचीच ओळख आहे.

तिसरा शब्द गीतरत्नातला. त्यातील प्रियकर आपल्या प्रियेला वारंवार ज्या शब्दाने हाक मारतो, त्या ‘राया’ या इब्री शब्दाचा अर्थ सखी, सोबतीण असा आहे. पाचव्या अध्यायाच्या शेवटी तीही त्याला आपला सखा म्हणते. देहसौंदर्याचे एवढे मोकळे वर्णन करणारे हे काव्य सख्याच्या नात्यावर उभे आहे. ज्या पत्नीचा स्तन काढला आहे, किंवा ज्या पतीचा जबडा काढून चेहरा बदलला आहे, त्यांनी हे पुस्तक आपल्यासाठी नाही असे समजू नये. रूप बदलते; सखी तीच असते.

४. ज्ञानपूर्वक सहवास

आता १ पेत्र ३:७ पाहू. पत्नीबरोबर समजून-उमजून, ज्ञानाने राहावे, असा तेथे पतींना बोध आहे. ‘एकत्र राहणे’ यासाठी योजिलेले क्रियापद नव्या करारात याच एका ठिकाणी येते, परंतु जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ते पतिपत्नींच्या सहवासासाठी वापरलेले आढळते (उदा. अनुवाद २२:१३). म्हणजे या सहवासातही ज्ञान हवे. मग ते ज्ञान वैद्यकाकडून मिळत असेल तर ते घेणे हे आज्ञापालनच होय. म्हणून पुढील गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहितो.

(अ) कर्करोग संसर्गजन्य नाही. एकत्र जेवल्याने, चुंबनाने किंवा समागमाने तो जोडीदाराला होत नाही. समागमामुळे बरा झालेला रोग उलटतो, हीही समजूत चुकीची आहे.

(आ) गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुधा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो व तो विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, हे खरे. परंतु हा विषाणू अत्यंत सर्वत्र आढळणारा असून वर्षानुवर्षे लक्षणांवाचून राहू शकतो. तेव्हा निदानावरून पतीच्या किंवा पत्नीच्या चारित्र्यावर संशय घेणे अन्यायाचे आहे. या संशयाने मोडलेली घरे मी पाहिली आहेत.

(इ) बाहेरून दिलेल्या किरणोपचाराने, ज्याला लोक ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात, रुग्णाचे शरीर किरणोत्सर्गी होत नाही. त्याला मिठी मारण्यास हरकत नाही. आतून दिलेल्या किरणोपचारात आणि थायरॉइडच्या किरणोत्सर्गी आयोडीनच्या उपचारात काही काळ अंतर राखावे लागते. किती, ते वैद्य सांगतात.

(ई) केमो घेतल्यानंतर काही दिवस औषधाचा अंश शरीरातील स्रावांत असू शकतो, म्हणून त्या काळात निरोध वापरण्यास सांगतात. उपचार चालू असताना व नंतर वैद्य सांगतील तोवर गर्भधारणा टाळावी. रक्तातील पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट फार उतरल्या असतील तर संसर्ग व रक्तस्राव यांचा धोका असतो. तेव्हा समागम टाळणे हेच शहाणपण.

(उ) ओटीपोटाच्या किरणोपचारानंतर योनिमार्ग कोरडा व अरुंद होतो. वेदनेचे कारण हे आहे; त्यात पत्नीच्या प्रेमाची उणीव नाही. यावर उपाय आहेत : पाण्यात विरघळणारे वंगण, तसेच मार्ग मोकळा ठेवण्यासाठी ‘डायलेटर’ नावाचे साधन, जे कसे व केव्हा वापरावे हे रुग्णालयात शिकवितात. स्तनाच्या कर्करोगावरील संप्रेरकविरोधी गोळ्यांनीही कोरडेपणा येतो. हॉर्मोन असलेले मलम मात्र वैद्यांना विचारल्यावाचून लावू नये.

(ऊ) प्रोस्टेट किंवा ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषाच्या उत्थानशक्तीवर परिणाम होतो. नसा सावरण्यास दोन वर्षेही लागू शकतात, आणि कधी त्या पूर्ण सावरत नाहीत. यावरील गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत. हृदयविकारावर नायट्रेटची औषधे घेणाऱ्यास त्या जिवावर बेतू शकतात.

(ए) काही उपचारांनी अपत्यप्राप्तीची शक्ती जाऊ शकते. तरुण दांपत्यांनी उपचार सुरू होण्यापूर्वीच याविषयी विचारावे. वीर्य किंवा बीजांडे गोठवून ठेवण्याची सोय काही ठिकाणी असते. नंतर विचारून उपयोग होत नाही.

(ऐ) थकवा हा या उपचारांचा सोबती आहे. ज्या वेळी अंगात थोडा जोर असतो ती वेळ, मग ती दुपारची का असेना, एकमेकांसाठी राखावी. वेदनाशामक गोळी आधी घेणे, दुखऱ्या भागावर भार येणार नाही अशी स्थिती निवडणे, पोटावर पिशवी असेल तर ती आधी रिकामी करून झाकणे, तोंडाच्या रुग्णाने गुळण्या करून ओठ ओले करणे, या साध्या गोष्टींनी पुष्कळ फरक पडतो.

यांतील प्रत्येक बाबतीत शेवटचा शब्द आपल्या वैद्यांचा. पण प्रश्न आपणच विचारला पाहिजे. तोंडाने विचारवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्यावा. परिचारिकेपासून सुरुवात केली तरी चालेल.

५. जेव्हा पूर्वीसारखे होत नाही

सर्वच दांपत्यांचे सर्व काही पूर्ववत होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अशा वेळी घाईचे सांत्वन घातक ठरते. १ शमुवेल १:८ मधील एलकाना हा भला पती होता. निपुत्रिक हन्नेवर त्याचे प्रेम होते. परंतु तिचे रडणे ऐकून घेण्याऐवजी, मी तुला पुत्रांहून अधिक नाही काय, अशा आशयाचा प्रश्न त्याने केला. हन्नेने त्याला उत्तर दिल्याचे शास्त्रात नाही. ती उठून देवापाशी गेली. जोडीदाराचे दुःख मिटविण्यापूर्वी ते ऐकावे. तू जिवंत आहेस हेच पुष्कळ, हे वाक्य खरे असले तरी ते दुसऱ्याचे तोंड बंद करते.

आणि ज्या पुरुषाला आपण आता पुरुषच राहिलो नाही असे वाटते, त्याने यशया ५६:३-५ वाचावे. ज्यांना वंशवृद्धीची आशा नव्हती, त्या षंढांनी स्वतःला निष्फळ समजू नये, असे सांगून देव त्यांना आपल्या मंदिरात पुत्रकन्यांपेक्षाही श्रेष्ठ असे नाव देण्याचे वचन देतो. मनुष्याची किंमत त्याच्या देहाच्या कार्यशक्तीवर ठरत नाही.

६. मंडळीचे कर्तव्य

अनुवाद २४:५ मध्ये एक कोमल नियम आहे. नवविवाहित पुरुषाला वर्षभर युद्धावर किंवा इतर कामावर पाठवू नये. त्याने घरी राहून पत्नीला आनंद द्यावा. दांपत्याला सवड देणे हे समाजाचे काम आहे, हे तत्त्व त्यात आहे. रुग्णाईत दांपत्यासही मंडळीने अशी सवड द्यावी. आपण काय करतो? रोज सायंकाळी निरनिराळे प्रार्थनागट त्यांच्या घरी जातात. हेतू उत्तम; पण रात्री नऊ वाजता शेवटचा गट उठतो तेव्हा रुग्णाला बोलण्याचीही शक्ती उरत नाही. आठवड्यातील दोन संध्याकाळी त्यांच्याकडे कोणी न जाणे हीही सेवा आहे. मुलांना आपल्या घरी जेवायला न्यावे. वृद्ध सासूबाईंना उपासनेला नेऊन दोन तासांनी परत आणावे. मुंबईत ज्यांची घरे आहेत त्यांनी उपचारास आलेल्या दांपत्याला एका रविवारी तरी आपली खोली मोकळी करून द्यावी.

पाळकसाहेबांना विनंती अशी की, भेटीच्या वेळी एक साधा प्रश्न विचारावा : “तुम्हा दोघांना एकमेकांशी बोलायला वेळ मिळतो का?” एवढ्याने दार किलकिले होते. उत्तर आले नाही तर आग्रह धरू नये. भगिनीशी या विषयावर एखाद्या प्रौढ, विश्वासू भगिनीने बोलावे. ऐकलेली गोष्ट प्रार्थनेच्या विनंत्यांतदेखील जाहीर होता कामा नये. जेथे मनाचा खिन्नपणा खोल गेला आहे किंवा जबरदस्ती होत आहे, तेथे केवळ प्रार्थनेवर न थांबता वैद्याची व समुपदेशकाची मदत मिळवून द्यावी. वेदना असताना जबरदस्ती करण्याचा अधिकार कोणत्याही वचनाने कोणालाही दिलेला नाही.

त्या सायंकाळी आमच्या घरी शेवटी चौघेही एकाच खोलीत बसलो. मी माझ्या पाठाबद्दल क्षमा मागितली. मग त्या भगिनी प्रथमच पतीकडे पाहून म्हणाल्या, “मला दुखतं हो.” आणि ते म्हणाले, “मला भीती वाटते.” एवढेच बोलणे झाले. पुढच्या तपासणीला दोघे एकत्र गेले व त्यांनी वैद्यांना विचारले. उपाय निघाले; सर्व नव्हे, पण पुष्कळसे. त्याहून मोठे हे की, त्या दिवसापासून दोघांपैकी कोणीही एकटे राहिले नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१) ‘वंचित करणे’ आणि ‘असमर्थ असणे’ यांतील भेद आपल्या शब्दांत सांगा.
२) उत्पत्ति २:१८ मधील ‘साहाय्यक’ हा शब्द आजारपणात पतीलाही कसा लागू पडतो?
३) आपल्या मंडळीतील एखाद्या रुग्णाईत दांपत्याला या महिन्यात आपण कोणती सवड देऊ शकतो?

प्रार्थना : हे प्रभू, तू आमचे देह निर्माण केलेस आणि त्यांचे दुखणे तू जाणतोस. उपचार घेणाऱ्या दांपत्यांना एकमेकांशी खरे बोलण्याचे धैर्य दे, आणि आम्हा शिकविणाऱ्यांना आधी ऐकण्याची बुद्धी दे. आमेन.